डोहातला डोंगा

वरठीच्या रस्त्यावर डांबर तापलं, की मी अजून नाकाला पदर लावते, कारण त्या वासाबरोबर कारध्याचा डोह आठवतो. आम्ही मासेमारी करणारे लोक. म्हातारा झालेला डोंगा, आमची लाकडी होडी, आमच्यात कोणी जाळत नसे. दगड आणि जांभळीच्या फांद्या भरून तो डोहात बुडवायचा, म्हणजे त्यात मासे घर करतात, आणि मालकाने बुडी मारून हाताने चाचपून पाहिल्याशिवाय तिथे कोणी जाळं टाकायचं नाही. बाबाचा डोंगा वर्षानुवर्षं डांबर पिऊन काळा झाला होता. तो बुडवताना दगड भरायला मोठेबाबाही होते, बाबाचे सख्खे थोरले भाऊ. पावसाळा सरल्यावर बाबाने बुडी मारली आणि धापा टाकत वर येऊन हसला, "पोरी, घर भरून राहिलं! दिवाळीले काढू." दिवाळीच्या आधीच एका सकाळी डोहातून धडाका ऐकू आला. आम्ही धावलो, तर पाण्यावर पांढऱ्या पोटांचे मासे आणि डोंग्याच्या काळ्या फळ्या तरंगत होत्या, आणि मोठेबाबा खाणीतून आणलेल्या बारुदाचा वास अंगावर घेऊन टोपली भरत होते. संध्याकाळी त्यांनी आमच्याकडे त्याच माशांच्या रश्शाचं गंज, म्हणजे पातेलं, पाठवलं. आई म्हणाली, "काहून ठेवून घेतलं? फेका तिकडं!" बाबा म्हणाला, "मोठा भाऊ हाये," आणि मान खाली घालून जेवला. मोठेबाबांवरचा राग मी केव्हाच विसरले. बाबाने बोटं चाटली होती, ते मात्र विसरता येत नाही.