गोळीच्या आधी पडलेला बर्फमानव

इतका भिकार सिनेमा मी जन्मात पाहिला नाही, आणि यंदाच्या उन्हाळ्यात तो मी जवळजवळ रोज पाहिला. न पाहून जाते कुठे?

हिंगोलीत दुसऱ्या मजल्यावर माझ्या भाड्याच्या दोन खोल्या आहेत. मी शाळेत शिकवते, एकटी राहते. उन्हाळ्याच्या तोंडाला आमच्या गावी, साखऱ्याला, मेंढरांमागे चालताना बाबा पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. गावात भाऊ आहे, वहिनी आहे, पण बाबांना ठेवायला मीच सगळ्यांना सोयीची वाटले. पोरगी शिकलेली, दवाखाना जवळ, वर सुट्ट्या लागलेल्या. मलाही ते तेव्हा पटलं होतं.

जिना उभा आणि अरुंद. एकदा मी आंघोळीला गेलेली पाहून बाबा वॉकर घेऊन चार-दोन पायऱ्या उतरले. तेव्हापासून जिन्याच्या जाळीच्या दाराला मी कुलूप घालायला लागले. किल्ली माझ्याकडे असली तरी सुटका मलाही नव्हती. भाजी आणायला गेले तरी अर्धा जीव वर अडकलेला. पत्र्याच्या छपराखाली दुपारी पंखा नुसती गरम हवा ढवळायचा. बाबा खिडकीशी खुर्चीवर बसायचे आणि समोरच्या भिंतीकडे बघायचे, कारण खिडकीतून तेवढंच दिसायचं.

"बाई, गावाला कधी नेतीस?" सकाळी चहाबरोबर एकदा आणि संध्याकाळी एकदा.

"डॉक्टर म्हणले की जाऊ."

"त्यो कधी म्हणल?"

यावर माझी चिडचिड व्हायची. मी भांडी जोरात आपटायची.

अशात भावानं मोबाइलवर सिनेमा पाठवला. बाबांचं लग्न व्हायच्या आधी आमच्या माळावर कुठलीशी पिक्चरची कंपनी आली होती आणि बाबा त्यात होते, एवढं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. पुढचं बाबा कधी सांगायचे नाहीत, म्हणून आम्हाला ती थापच वाटायची. आता कुणीतरी तो सिनेमा शोधून नेटवर टाकला होता आणि खाली लोकांनी हसून हसून मजकूर लिहिला होता.

गोष्ट हिमालयातल्या बर्फमानवाची, आणि हिमालय म्हणजे आमचा साखऱ्याचा माळ. बर्फाच्या जागी कापूस पसरलेला, त्यात मधेच एक पळस लालभडक फुललेला. हिरॉइन स्वेटर घालून थंडीनं कुडकुडते आणि तिच्या काखा घामानं ओल्या. रात्र आहे असं सगळे म्हणतात, पण प्रत्येकाची सावली जमिनीवर लख्ख पडलेली. बर्फमानव तरटावर लोकर चिकटवून केलेला, पायात टायरच्या चपला. वळला की पाठीवर सुतळीचे टाके दिसतात, पोत्याला घालतात तसे. आवाज तर असा की गॅसवर कुकर विसरलाय.

पण सगळ्यात मोठा घोळ शेवटी. बर्फमानव टेकाडावर उभा राहून छाती बडवतो, हात पसरून ओरडतो. "भागो! जानवर भी डर गये!" असं हिरो म्हणतो, आणि मेंढरांचा अख्खा कळप भागायचं सोडून बर्फमानवाकडेच पळत सुटतो. त्याच्या गुडघ्यांना अंग घासतो. मग बर्फमानव पडतो, आणि तो पडल्यावर हिरोची गोळी सुटते.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पोट धरून हसले. बाबाही हसले. मग रोज दुपारी त्यांना तोच सिनेमा लागायचा. मी रोज नवी चूक काढायची, ते मान हलवायचे. मेंढरं आली की मात्र ते मोबाइल डोळ्यांजवळ घ्यायचे.

"ही पुढची, काळ्या कानाची," एकदा ते म्हणाले, "लई गुणाची व्हती."

"म्हणजे बर्फमानव तुम्ही?"

"व्हय. त्यांचा माणूस उन्हाला भिऊन पळाला. मी उंच. मेंढरं बी माझीच, लोकर बी माझीच. म्हणले, तूच घाल."

"मग मेंढरं तुमच्याकडे काहून पळाली? त्यांनी भ्यायचं होतं ना?"

बाबांनी मोबाइल मांडीवर ठेवला. त्यांनी जे सांगितलं ते असं. त्या सोंगाची चेन पहिल्याच दिवशी तुटली. मग रोज सकाळी त्यांना आत घालून पाठ दाभणानं शिवायचे आणि संध्याकाळी उसवायचे. मधे उसवलं तर पुन्हा शिवण्यात वेळ जातो, म्हणून पाणी नाही, लघवी नाही. मुखवट्याला डोळ्यांपुरती भोकं. त्या दिवशी टेकाडावर त्यांचा श्वास कोंडला, डोळ्यांपुढं अंधारी आली. ते छाती बडवून ओरडले, सोडा मला, उसवा.

"तं त्यो मुंबईवाला डायरेक्टर खूश. 'और जोर से!' म्हणे."

त्यांची ती ओरड सिनेमात नाही, तिच्यावर तो कुकरचा आवाज घातलेला आहे. मी इतके दिवस त्याच जागी हसत होते.

"मंग मी मेंढरांना हाळी घातली. आपली रोजची. ती आली. पडलो तवा बी लोकांना वाटलं, पोरगं काम करून राहिलं. मेंढरं अंगावरून हटनात म्हणून हाकलायला जवळ आले, तवा त्यांना कळलं."

"पण बाबा, मेंढरं काय उसवणार होती का तुम्हाला? त्यांना कशाला हाक मारायची?"

"माणसांना मारून पाहिली व्हती की आदी," बाबा म्हणाले. तक्रार म्हणून नव्हे, मी विचारलं म्हणून.

मी चहा टाकायला उठले. दूध उकळत होतं आणि मी ओट्याशी उभी राहून आठवत होते की बाबांनी मला गावाचं शेवटचं कधी विचारलं. काल नाही. परवा नाही. त्याच्या आधीचंही आठवेना. मला वाटत होतं ते रमले, आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटत होतं.

कप त्यांच्या हातात देऊन मी विचारलं, "बाबा, गावाला जायचं का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "न्हाई. ऱ्हाऊ दे. हितं बरं हाय. तुला काहून तकलीफ?"

मी लहानपणापासून या माणसाला ओळखते. जेवणात मीठ कमी असलं तरी ते तसं सांगून ताट दूर सरकवत. 'बरं हाय' मी त्यांच्या तोंडून याआधी कधी ऐकलं नव्हतं. मी बाहेर जिन्याशी जाऊन भावाला फोन लावला. उद्या सकाळी जीप घेऊन ये म्हटलं, आणि उचलायला दोन गडी आण.

"अगं, पण डॉक्टर? आणि ते स्वतः म्हणले का, मला न्या म्हणून?"

"न्हाई म्हणले," मी म्हणाले. "म्हणून तर सांगून राहिले, जीप आण."