बाहेरच्या राज्याची जागा

हे मी माझी बायको मंदा जिवंत असताना बोललो नाही. ती गेली तेव्हा तर नाहीच. तिला जाऊन आठ महिने झाले. मी सातवी शिकलेला, अक्षर वेडंवाकडं — तरी लिहितो.

आमच्या ज्योतीला दुसऱ्या राज्यातल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात शिकायचं होतं. तिथं आधी त्यांची पोरं घेतात, बाहेरच्यांना थोड्याच जागा. मास्तर म्हणाले, अवघड आहे, पण भरून बघ. मायलेकींनी शेवगावात एका कॉम्प्युटरवाल्याकडं जाऊन फॉर्म भरला. मला काय विचारलं? काही नाही. फक्त मोबाईल मागितला. घरात तेव्हा तो एकच होता, म्हणून फॉर्मवर नंबर माझा.

ते मला लागलं. खोटं कशाला बोलू?

प्रवेशाची परीक्षा तोंडावर आली आणि उन्हाळी कांदा काढायला आला. मजूर मिळेना. मंदा पोरीला म्हणाली, चार दिवस चल बाई, मग बस अभ्यासाला. चाराचे आठ झाले.

पहिल्या यादीत नाव नव्हतं. पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही. मग एक दिवस माझ्या मोबाईलवर मेसेज आला, इंग्रजीत. मी घरात कुणाला न सांगता शेवगावला त्या कॉम्प्युटरवाल्याकडं गेलो. त्यानं वाचलं आणि खुर्चीतून उठलाच. "काका, पेढे काढा! दुसऱ्या यादीत नंबर लागला. भाईरच्या राज्यातली मोजकीच पोरं घेत्यात, त्यात आपली ज्योती! उद्या पाचच्या आत होकार भरा, न्हाईतर जागा गेली."

मी म्हणालो, "तिचं लग्न ठरलंय. कुठं बोलू नको."

लग्नबिग्न काही नव्हतं. एसटीत बसून मेसेज पुसला — तेवढं मला येत होतं.

ज्योती दारातच उभी. "आप्पा, काय आलं का हो मोबाईलवर?"

"आलं. न्हाई म्हनत्यात. भाईरच्यांना जागाच न्हाई."

पोरीची काळजी वाटली, असं म्हणू का? एकटी, लांब, परका मुलूख? ती काळजी मंदाला होती, आणि तरी ती पोरीला पाठवायला निघाली होती. मला राग होता. मला न विचारता ठरवलं, याचा. बस, एवढाच.

वाईट तर पुढं आहे. मंदानं सगळं स्वतःवर घेतलं. दर साली कांदा काढायला वाकली की म्हणायची, "ह्याच्यापायी माझ्या पोरीचं गेलं." मी शेजारच्या वाफ्यात असायचो. ऐकायचो. आणि एकदा भांडणात मीच तिला म्हणालो, "तूच नेलीस की तिला रानात." त्या दिवसानंतर ती माझ्याशी कधी वर तोंड करून भांडली नाही. मला ते बरं वाटलं. असा मी.

दवाखान्यात शेवटी तिनं ज्योतीचा हात धरला आणि माफी मागितली. पोरगी रडत म्हणाली, "आई, तुझं काय न्हाई गं, मीच कमी पडले." दोघी एकमेकींची समजूत घालत होत्या, मी खाटेपाशी उभा. एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो? मी चहा आणायला म्हणून बाहेर गेलो. परत आलो तेव्हा मंदाची वाचा गेली होती. पहाटे ती गेली.

ज्योती आता गावातच पोरांचे क्लास घेते. परवा एक बारावीची पोरगी तिला विचारायला आली — त्याच विद्यापीठाचा फॉर्म भरायचा म्हणत होती. ज्योतीनं तिला शेजारी बसवून घेतलं आणि मायेनं समजावलं, "नको भरू बाई. आपल्याला तिथं घेत न्हाईत. मी करून बसलेय."

पोरगी उठली, चप्पल घातली आणि माझ्या समोरून गेली. मी ओट्यावरच होतो. तिला हाक मारली नाही.