चाळीस अंशांची गुढी

माझ्या साडूंनी मारलेली गाठ सुटली नव्हती. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवाला नाही. (देवाला ठाऊक असावं. त्या वेळी तो गुढीच्या टोकालाच होता!)

साडू म्हणजे सिन्नरचे प्रकाशराव, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. शाळेत ते स्काउटमध्ये होते आणि अजून बाहेर पडलेले नाहीत. पाळण्यापासून प्रवासाच्या वळकटीपर्यंत घरातल्या सगळ्या गाठी त्यांच्या. त्यामुळे दर पाडव्याला नाशिकला येऊन आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत गुढी बांधायचा मानही त्यांचाच. मी पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिक्स शिकवतो. त्यामुळे मला घरात फक्त आंब्याची पानं पुसायला देतात.

त्या वर्षी बायको म्हणाली, "भाऊजी, गुढी जरा बाहेर झुकवा ना! आईची पैठणी लावलीय, चौकातून दिसायला नको?"

"किती झुकवू?"

"अंदाजानं हो!"

अंदाजानं! माझ्यातला मास्तर खडबडून जागा झाला. "थांबा," मी म्हणालो, "आधी मोमेंट घेऊ."

"सर, चहा घ्या त्यापेक्षा," प्रकाशराव म्हणाले.

मी ऐकतोय कसला! मोमेंट म्हणजे बल गुणिले टेकूपासूनचं लंब अंतर. गुढीचा बुंधा कठड्याच्या खाचेत, तो झाला टेकू. तांब्या, पैठणी, साखरेची गाठी तिला खाली ओढणार आणि खिडकीच्या गजाला बांधलेली सुतळी तिला मागून धरणार. काठी जितकी झुकेल तितका सुतळीवर ताण जास्त. सुतळी किती ताण सोसते ते कळलं की दोन्ही मोमेंट समान मांडायच्या आणि कोन काढायचा. पोरखेळ!

सुतळीला बादली टांगून मी ती तुटेपर्यंत पाणी ओतलं. (हॉल मेव्हणीने पुसला.) तांब्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला. साखरेच्या गाठीतलं एक पदक मुलीने खाल्लं, तेवढंही वजा केलं! उत्तर आलं चाळीस अंश. सुतळी निम्म्या ताकदीतच पेलेल आणि गुढी चौकातून दिसेल.

प्रकाशरावांनी गाठ मारली. मी मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक कठड्यावर धरून काठी बरोब्बर चाळीसवर आणवली.

"सर, लय झुकली हो!"

"गणित आहे ते, प्रकाशराव."

"तुमच्या गणिताला वारा लागतो का?"

दहा मिनिटं नाही लागला. मग लागला.

खाली शिंदेकाका नव्या गाडीची पूजा करत होते. त्यांनी नारळ उचलून "गणपती बाप्पा" म्हटलं आणि "मोरया" म्हणायच्या आत बॉनेटवर तांब्या आला. ठण्ण! काठी मेंदीच्या कुंपणात घुसली. पैठणी मात्र सावकाश उतरली आणि अख्ख्या गाडीवर पसरली.

"लक्ष्मी आली रे बाबा!" शिंदेकाकांच्या आईंनी हात जोडले.

काका पोचा चाचपत म्हणाले, "आई, जिन्यानं आली असती तर बरं झालं असतं."

सगळे खाली धावले. मी एकटा वर राहिलो आणि गजाकडे पाहिलं. सुतळी मध्येच तुटली होती. प्रकाशरावांची गाठ जशीच्या तशी! शेजारी कोनमापक पडला होता. तो उचलून मी पुन्हा कठड्यावर धरला आणि चूक दिसली. माझ्या गणितातले चाळीस अंश उभ्या रेषेपासूनचे होते, आणि मी मोजले होते आडव्या कठड्यापासून! म्हणजे गुढी उभ्या रेषेपासून पन्नास अंश झुकली होती आणि सुतळीवर जवळजवळ दीडपट ताण आला होता; उरलेलं काम वाऱ्याने केलं. या चुकीला मी दरवर्षी पोरांचे मार्क कापतो. वर विचारतो, "डोळे कुठे होते रे?"

मी ती गाठ सोडवली. (हाताने सुटेना, दात लावले. त्यातला एक अजून हलतो.) सुतळीचा तुकडा खिशात घातला, खाली गेलो आणि म्हणालो, "गाठ सुटली वाटतं."

प्रकाशरावांनी वर गजाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. "असं कधी झालं नव्हतं हो," एवढंच म्हणाले. शिंदेकाकांची माफी त्यांनी मागितली. गाडी गॅरेजला घेऊन गेले तेही तेच.

तेव्हापासून त्यांनी दोरीला हात लावला की घरभर एकच ओरडा, "राहू द्या भाऊजी!" त्यांच्या स्वतःच्या नातवाचा पाळणा शेजाऱ्याने बांधला. पाडव्याला ते अजून येतात, पण स्वयंपाकघरात बसून कडुलिंबाची चटणी वाटतात. गुढी मी उभारतो. ताठ! कठड्यापासून नव्वद अंश, उभ्या रेषेपासून शून्य, दोन्हीकडून तपासून. लोक म्हणतात, "सरांचं काम कसं शास्त्रशुद्ध!"

समोर उभं राहून बोलायचा धीर नाही, म्हणून लिहिलं. पण लिहिल्याने फिटत नाही, हेही कळतं. "प्रकाशराव, तुमची गाठ सुटली नव्हती," हे वाक्य मी त्यांना सगळ्या घरासमोर देणं लागतो. आणि यंदाची चटणी वाटणंही माझ्याकडेच लागलं.