पाण्याला वास येतोय

त्या चार मजली इमारतीत सगळे त्यांना टाकीमामा म्हणत. पंप सुरू करायचा, गच्चीवरची टाकी दर महिन्याला आत उतरून घासायची, झाकणाला कुलूप लावायचं, ही त्यांची अकरा वर्षांची नोकरी. माणूस तोंडाने फटकळ, पण टाकी अशी लख्ख ठेवायचा की तळाशी पडलेला स्क्रूसुद्धा वरून दिसावा.

एका सोमवारी दुसऱ्या मजल्यावरची शिक्षिका जिन्यात म्हणाली, "आज पाण्याला कसलातरी वास येतोय, नाही?" शेजारणीने पेला नाकाशी नेला. आधी काहीच कळलं नाही. दुसऱ्यांदा हुंगल्यावर तिलाही आला. संध्याकाळपर्यंत वास बारा घरांत पोचला. कुणाला रॉकेलचा, कुणाला मेलेल्या उंदराचा. बुधवारी तिघांची पोटं बिघडली. चौथ्या मजल्यावरच्या आजी तेवढ्या म्हणाल्या, "मला तर काही येत नाही बाई." त्यावर "आजी, या वयात नाक कुठे चालतं!" म्हणून त्यांना गप्प बसवलं.

मग कुणाला तरी आठवलं, की गेल्याच आठवड्यात सुट्टीवरून मामांचं सेक्रेटरींशी वाजलं होतं. कुणी त्यांना बादली घेऊन गच्चीवर जाताना पाहिलं होतं. बादली ते रोजच नेत, पण आता तीच बादली लोकांच्या डोळ्यांत खुपू लागली.

मामांनी टाकी रिकामी करून दाखवली. पाणी तपासायला दिलं. अहवालात काही निघालं नाही.

"बाटली भरली कुणी?" सेक्रेटरींनी विचारलं.

"मीच. दुसरं कोण भरणार?"

"तेच म्हणतोय मी."

त्या दिवसापासून मामा जिन्यात दिसले की बोलणं थांबे. घरी त्यांनी बायकोपुढे तळवे धरले. "बघ गं, वास येतो का हाताला?"

"साबणाचा येतो," ती म्हणाली. पण हुंगण्याआधी ती क्षणभर थबकली होती. मामांच्या नजरेतून ते सुटलं नाही.

दोन दिवसांनी तळमजल्यावरचा टेलर चोरासारखा गच्चीवर आला. "मामा, खरं सांगू? मला पहिल्या दिवशी वास आलाच नव्हता. सगळे म्हणत होते, म्हणून मीही मान डोलावली. पुढे खरंच मळमळायला लागलं."

"मग हे मीटिंगमध्ये सांग."

"एकटा कसा सांगू? उद्या म्हणतील, हाही त्यांना सामील आहे."

मामांना हसावं की रडावं कळेना. याला कुणी आपल्याकडून काही वदवून घ्यायला तर पाठवलं नसेल, हेही मनात येऊन गेलं.

रविवारच्या मीटिंगमध्ये टेलर मान खाली घालून बसला. ठरलं ते असं: नवं कुलूप, किल्ली सेक्रेटरींकडे, आणि मामा वर जातील तेव्हा सोबत एक रहिवासी. कुलूप बदललं आणि दुसऱ्याच दिवशी वास गेला. पाणी तेच, पाइप तेच. "बघा, आम्ही म्हणत नव्हतो!" लोक एकमेकांना सांगू लागले.

मामांनी चार महिने पहाऱ्यात टाकी घासली आणि मग एका रुग्णालयाच्या पंपघरात नोकरी धरली. पहिल्याच दिवशी तिथल्या नर्सने नळाखाली पेला धरला. मामा हातातलं काम टाकून तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. ती गटागटा पाणी प्यायली, पेला विसळला.

"काय झालं, काका?"

"काही नाही," मामा म्हणाले. "हुंगून बघितलं नाहीत, म्हणून विचारात पडलो."