गोठ्याच्या कोनाड्यातला कप

पिंप्राळ्यात ज्योत्स्नाचं झेरॉक्सचं दुकान आहे. लोकांचे प्रबंध छापता छापता तिने इतके वाचले, की बेचाळिसाव्या वर्षी तिला वाटलं, मीच का नको? धुळ्याच्या एका कॉलेजात तिने बाहेरून एम.ए.ला नाव घातलं. नवरा हसला. हसू दे, दुकानाचं शटर रोज तीच उघडते.

प्रकल्पासाठी तिने एक भाषांतरित कादंबरी घेतली. त्यातली आजच्या काळातली डॉक्टरीण अचानक दोनशे वर्षं मागे जाते, एका बेटावरच्या उसाच्या मळ्यात गुलाम होते. घंटा वाजली की उठून उभं राहायचं, हा तिथला नियम. पुढे ती सुटून आपल्या काळात येते, पण दवाखान्यात फोन वाजला तरी ताडकन उभी राहते. कॉलेजातले प्रकल्पाचे सर म्हणाले होते, काळाची उडी हे तंत्र, घंटा हे प्रतीक, एवढं पुरे. ज्योत्स्नाने तेवढं लिहिलं. मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली.

तिचे वडील उखर्डूआबा पारोळ्याकडच्या गावात एकाच घरी अठ्ठावीस वर्षं सालदार होते. सालदार म्हणजे आखाजी ते आखाजी, रात्रंदिवस मालकाचा. सणाच्या सकाळी एक साल संपायचं, संध्याकाळी दुसरं ठरायचं. मधला दिवस तेवढा स्वतःचा. आबांचा चहाचा कप गोठ्याच्या कोनाड्यात पालथा असायचा, लहानपणी ज्योत्स्नाच तो विसळून ठेवायची. आता मालक राहिले नाहीत, आबाही थकले. यंदा ज्योत्स्ना माहेरी गेली, तर मालकांच्या सूनबाईंनी, दिपमालाने, तिला मुद्दाम चहाला बोलावलं. ओसरीवर खुर्ची दिली, शिक्षणाचं कौतुक केलं. गप्पा छान रंगल्या. आणि उठताना ज्योत्स्नाने आपला कप उचलला, गोठ्याच्या नळावर विसळला आणि कोनाड्यात पालथा घातला. कोणी सांगितलं नव्हतं. दिपमाला मागून अहो, अहो करत राहिली.

ज्योत्स्नाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतीच्या एसटीत तिला स्वतःचाच इतका संताप आला, की डोळ्यांतून पाणी आलं. पण घंटा म्हणजे काय, हे तिला त्या एसटीत कळलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून तिने प्रकल्पात त्या कपाचं एक पान लिहिलं. तुमचं नाव घालू का, असं आबांना फोनवर विचारलं. आबांनी सगळंच लिहायला सांगितलं.

"बठ्ठं लिख बेटा," ते म्हणाले. "मन्हं नाव बी टाक."

धुळ्यात सरांनी नेमकं तेच पान काढायला सांगितलं. घरचं रडगाणं समीक्षेत चालत नाही म्हणे. शिवाय सालदार काही गुलाम नसतो, राजीखुशीने राहतो. आमच्याकडेही तीन होते, अगदी घरच्यासारखे. पान राहिलं तर सही मिळणार नाही, आणि सही नाही तर वर्ष गेलं.

तरी ज्योत्स्नाने पान काढायला फाइल स्वतःकडे ओढली नाही.

"आबा गुलाम होते असं मी लिहिलेलंच नाही, सर. घंटा थांबल्यावरही माणूस का उठतं, ते लिहिलंय. पान राहील. फक्त एक सांगा, तुमच्याकडच्या त्या तिघांचे कप कुठे असायचे?"

सर चष्मा पुसू लागले. मग त्यांनी सही केली, आणि मार्क कमी पडतील, असं बजावलं.

"पडू द्या," ज्योत्स्ना म्हणाली.

तेवढ्यात शिपायाने चहा आणला. दोघांनी तो घेतला. कोपऱ्यात बेसिन होतं. ज्योत्स्ना उठली, हात सवयीने कपाकडे गेला, कप उचललाही. मग ती थांबली. उष्टा कप तिने सरांच्या टेबलाच्या मधोमध ठेवला, फाइल काखेत मारली आणि स्टँडकडे निघाली.