सहा वेळा साक्षर

शिवणवाल्या मावशी पहिल्यांदा साक्षर झाल्या तेव्हा खरोखरच झाल्या होत्या. विद्यापीठाच्या शिबिरातली एक हडकुळी मुलगी दहा दिवस त्यांच्या मशीनशेजारी ठाण मांडून बसली आणि अक्षरं गिरवून घेऊनच उठली. ती गेल्यावर मावशींनी रद्दीतला कागदन् कागद वाचून काढला. वर्षभरात गिऱ्हाइकांची मापं त्या स्वतः वहीत लिहू लागल्या. जाऊबाई नाक मुरडून म्हणाल्या, "आता काय बाई, साहेबीणच होणार तुम्ही!"

दुसऱ्या वर्षी शिबिराचे सर घाम पुसतच दारात आले. गावाची सेवा केल्याशिवाय पोरांना पदवी नव्हती. प्रकल्पात वीस निरक्षर दाखवलेले, आणि गावात भरले एकोणीसच.

"मावशी, एवढ्या वेळी निरक्षर व्हा ना. फोटोपुरतं."

भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगाच नाही. मावशींनी मापांची वही मशीनच्या खणात कोंबली आणि पाटीवर वेडावाकडा 'अ' काढला. टाळ्या पडल्या, प्रमाणपत्र मिळालं आणि तो पायंडाच पडला. दरवर्षी नवी पोरं, नवी पाटी, तोच 'अ'. एक पोरगा तर इतका जीव तोडून शिकवायचा, की त्याला वाईट वाटू नये म्हणून मावशी मुद्दाम चुकायच्या. गाव सुधारायला आलेल्यांचं मन राखायचं, हे कामसुद्धा गावाच्याच गळ्यात.

सहावं प्रमाणपत्र मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी गावात वाचनालय निघालं आणि ते सांभाळायला बाई हवी होती. पायमशीन चालवून मावशींचे गुडघे पार गेले होते. ही नोकरी त्यांना मनापासून हवी होती.

वाचनालयाच्या कारकुनानं सहाही प्रमाणपत्रं टेबलावर पत्त्यांसारखी मांडली. "दरवर्षी शिकता आणि दरवर्षी विसरता, होय? मग पुस्तकं कशी सांभाळणार?"

मावशी मनातून चरकल्या. पुढच्या आठवड्यात शिबिर आलं, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी सरांना गाठलं. "मला पहिल्या वर्षापासून वाचता येतं, एवढं लिहून द्या."

"असं कसं लिहू? माझे पाच वर्षांचे अहवाल खोटे ठरतील!"

"खोटेच आहेत की."

"हवं तर यंदाचं प्रमाणपत्र आजच देतो," सर समजुतीच्या सुरात म्हणाले.

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरांच्या हातातला अहवाल त्यांनी ओढूनच घेतला आणि तीस पोरांसमोर खणखणीत आवाजात वाचायला लागल्या. 'येथील स्त्रियांना अक्षराचा गंधही नाही' इथपासून ते पान त्यांनी एका दमात, कुठेही न अडखळता संपवलं. पोरांची तोंडं उघडी ती उघडीच. सर मात्र मुरलेले.

"बघितलंत?" ते पोरांकडे वळून म्हणाले. "शिबिराचा पहिलाच दिवस, आणि ही प्रगती! लिहून घ्या."

पोरांनी लिहून घेतलं.

मावशी घरी आल्या. मशीनवरचं कापड बाजूला सारून त्यांनी कागद पुढ्यात ओढला आणि पहिल्या वर्षापासूनची सगळी हकीकत, स्वतःच्या खोटेपणासकट, पानभर लिहून काढली. खाली झोकात सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन त्यांनी तो कागद कारकुनाच्या हातात ठेवला.

कारकुनानं तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि खूश होऊन मान डोलावली.

"झकास लिहिलाय अर्ज. यंदाच्या पोरांपैकी कुणी लिहून दिला?"