बाबांच्या चित्राला हार

मुलुंडच्या कलादालनात उपनगरातल्या शंभरावर कलाकारांचं एकत्र प्रदर्शन भरलं, तेव्हा कळलं की भिंतीवरच्या दोन फुटांसाठी भली भली माणसं हमरीतुमरीवर येतात. "माझ्या घोड्यांखाली तुझा गणपती कशाला रे?" "मग घोड्यावर बसवू काय?" वर्सोव्याला जन्मात पाय न ठेवलेल्या तिघींनी कोळ्यांच्या होड्या काढल्या होत्या. बँकेतून निवृत्त झालेले आमच्या कलासंस्थेचे सचिव टेप घेऊन इंच मोजत फिरत होते.

मीही काही साधी नाही. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेली बाई, गोड बोलून समईशेजारची भिंत पटकावली. कारण माझं चित्र बाबांचं होतं. गिरणीत राबलेला माणूस, माझ्या रंगांना आयुष्यभर 'चिखल' म्हणत आला. माझं एकही चित्र त्यांनी धड पाहिलेलं नाही. आता चौऱ्याऐंशीव्या वर्षी भाऊ त्यांना कांजूरमार्गहून रिक्षात घालून घेऊन आला. चित्र कोणाचं ते मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. त्यांनी स्वतःला बघावं आणि एकदा म्हणावं, जमलंय. बस. फार मागत होते का मी?

उद्घाटनाचे प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले. आमच्याकडे रिवाज असा की एक हार सरस्वतीच्या तसबिरीला आणि दुसरा संस्थेच्या दिवंगत संस्थापकांच्या फोटोला. पाहुण्यांनी सरस्वतीला हार घातला, दुसरा हातात घेतला, शेजारी बघितलं. तिथे एका म्हाताऱ्याचं चित्र. घातला की हो हार. शिवाय वाकून नमस्कारही केला.

मी सचिवांकडे बघितलं. ते कानात पुटपुटले, "अगं, संस्थापकांचा फोटो घरीच राहिला. घे ना चालवून."

मी काही बोलायच्या आत निवेदिका माईकवर. "दिवंगतांना आदरांजली म्हणून दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या." झालं, वाट लागली. अख्खं दालन उभं राहिलं. तिसऱ्या रांगेत बाबाही काठीवर जोर देऊन उठले आणि मान खाली घालून उभे राहिले. आणि खरं सांगू? शंभर माणसं माझ्या चित्रासमोर गप्प उभी आहेत, हे बघून मी जराशी सुखावलेही. एवढी निर्लज्ज मी असेन असं वाटलं नव्हतं.

गर्दी चहाकडे वळल्यावर मी धावत जाऊन हार काढला. मागे बाबा आलेच. त्यांनी चष्मा पुसला, चित्राला नाक लावून बराच वेळ पाहिलं.

"कोण गो ह्यो?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना हसतं काढलं होतं. तीन महिने ते हसू जमवत बसले होते, कारण समोर बघून काढावं असं कधी मिळालंच नव्हतं.

"कसो मायेन हसता बघ," बाबा म्हणाले. "ह्येच्या पोरांका ह्येचो धाक नसतलो."

"नव्हता, बाबा," मी म्हटलं. त्यांच्या तोंडावर मी इतकं धडधडीत खोटं पहिल्यांदाच बोलले.